गोल पंगत आणि आसेगावचे दोन चुलते

आमच्या गावात शेती सगळेच करत. नानाजी अवचारही करत, पण जेमतेम. त्यांचं खरं काम पंगती बसवण्याचं. वाशीमजवळच्या मालेगावच्या आसपास कुठंही लग्न निघालं की वाजंत्रीवाल्यांच्या आधी निरोप नानाजींना जाई, आणि ते बरोबरच होतं. वाजंत्री बेसूर वाजली म्हणून लग्न मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पहिलं पान भलत्याच्या पुढ्यात पडलं म्हणून वऱ्हाड उठून गेल्याच्या गोष्टी मात्र घरोघर होत्या.

पहिलं पान म्हणजे ज्या पत्रावळीपासून वाढायला सुरुवात होते ते. तिच्यावर जो बसला तो मोठा, बाकीचे आपले जेवायला आलेले. वरण तेच, भात तोच, पण पहिल्या पानावरचा भात खाल्ला की आमच्याकडच्या माणसाला चार दिवस भूक लागत नाही, आणि दुसऱ्या पानावर बसवलं तर दहा वर्षं पचत नाही.

नानाजींचं कसब असं, की मांडवाच्या दाराशी माणूस जोडे काढताना पाहिला की हा कुरकुर करणार की नाही हे त्यांना कळे. जोडे जोडीनं सरळ ठेवणारा निरुपद्रवी. जोडे काढून मागं वळून बघणारा वाईट. कुणी आपले जोडे उचलून ठेवतंय का, याची तो वाट पाहत असतो. अशा दोघांना नानाजी एकाच ओळीच्या दोन टोकांना बसवत आणि दोघांच्याही कानात जाऊन सांगत, "तुमच्यापासूनच सुरू आहे, बोलू नका." दोन वाढपी दोन टोकांनी निघत. दोघं पाहुणे एकमेकांकडं दयेनं बघत जेवत. एवढ्या हिकमतीवर नानाजींनी कितीतरी लग्नं पार पाडली. लोकांची.

मग अडतीस सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या स्वतःच्या पोरीचं लग्न ठरलं.

रंगूला आसेगावचा मुलगा पाहिला होता. मुलगा चांगला, सरळ, आणि रंगूलाही पसंत. हे तिला कुणी विचारलं नव्हतं, पण त्याचं नाव निघालं की ती उगाच पाणी आणायला विहिरीवर जाई, घरात दोन घागरी भरलेल्या असताना. घोर होता तो मुलाच्या चुलत्यांचा. बाप लहानपणीच वारलेला. घरात वडील म्हणायला दोन चुलते, मारोतराव आणि जगदेवराव. मारोतराव वयानं मोठे. जगदेवराव थोरल्या पातीचे, म्हणजे घराण्याच्या मोठ्या शाखेतले. वय मोठं की पात मोठी, हा खटला आसेगावात दोन पिढ्या चालू होता आणि प्रत्येक लग्नात त्याची तारीख लागे. मानोऱ्याच्या एका लग्नात दोघंही पहिल्या पानावरून उठले, मागोमाग सगळं वऱ्हाड उठलं, नवरदेव घोड्यावरून तसाच परत. त्या पोरीला दुसऱ्यांदा हळद लागायला दोन पावसाळे जावे लागले, आणि मग मिळाला तो बिजवर.

ही गोष्ट रंगूला माहीत होती. तिनं बापाला एवढंच विचारलं, "बाबा, तुमी साऱ्या दुनियेच्या पंगती बसवता. माही बसन ना?"

नानाजी म्हणाले, "बसन व माय." आणि त्या दिवसापासून त्यांचं स्वतःचं जेवण उडालं. कारण दोन टोकांची हिकमत आसेगावकरांना ठाऊक झालेली होती. दोघांनी आधीच निरोप धाडला होता: ओळ एकच पाहिजे, सुरुवात एकच पाहिजे, आणि ती कुठून, हे आम्ही पाहून घेऊ.

अशा मनःस्थितीत नानाजी बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचं कापड घ्यायला, वाशीमला गेले. बरोबर मालेगावचे कापडवाले बदरुद्दीनभाई होते. भाव त्यांनी करायचा आणि घासाघीस झाली की नानाजींनी उसासा टाकायचा, अशी दोघांची जुनी वाटणी. खरेदी आटोपली तो एक बैल लंगडू लागला. मुक्काम पडला. संध्याकाळी कुठं बसावं म्हणून हिंडता हिंडता एका वाचनालयापुढं गॅसबत्ती दिसली, आत बाकं दिसली, आणि दोघं जाऊन बसले. नागपूरचे कुणी प्रोफेसर आले होते. विषय 'परमाणूचे अंतरंग'. श्रोते थोडे होते, त्यातले निम्मे बाकांसाठी आले होते.

प्रोफेसरांनी फळ्यावर मधोमध एक ठिपका काढला आणि त्याभोवती गोलात गोल. म्हणाले, "हे परमाणूचं केंद्रक. याच्याभोवती विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, कवचांत मांडलेले असतात. वाटेल तसे नव्हेत. सर्वांत आतल्या कवचात दोनच मावतात. तिसरा आला तर त्याला बाहेरच्या कवचात जावं लागतं, मग तो कुणीही असो. दुसऱ्या कवचात आठ."

नानाजी बाकावर ताठ झाले. आयुष्यभर ज्यांनी ओळी मांडल्या त्यांना कुणीतरी पहिल्यांदाच गोल दाखवत होतं. ते उभे राहिले.

"साहेब, एक इचारू? त्या आतल्या गोलात दोन बसते म्हनता. त्यातला मोठा कोन?"

सभा हसली. प्रोफेसर भले गृहस्थ. ते हसले नाहीत. "कुणीच नाही. दोघांचं वजन सारखं, दोघांवरचा विजेचा भार सारखा. गोलाला पहिलं टोक नसतं, दुसरं नसतं. फरक एवढाच, की दोघांची गिरकी एकमेकांच्या उलटी असते."

"आसेगावचेच हायेत," नानाजी बदरुद्दीनभाईंना हळूच म्हणाले आणि परत उभे राहिले. "आन दोन गोलाच्या मधात कोनी घुसून बसलं त?"

"तसं होतच नाही. या कवचात तरी, नाहीतर त्या कवचात. मधल्या जागेत विद्युत्कण राहू शकत नाही."

पुढं प्रोफेसरांनी सांगितलं, की आतले दोघं केंद्रकाला इतके घट्ट धरलेले असतात की त्यांना उठवायला फार जोर लागतो. उठतो तो नेहमी सगळ्यात बाहेरचा. आतून बाहेर दोन, आठ, आठ असे अठरा भरले, की तो परमाणू तृप्त. तो कुणाचं काही घेत नाही, कुणाला काही देत नाही, कुणाशी भांडत नाही. एकोणिसावा आला तर मात्र तो चौथ्या कवचात एकटाच पडतो, त्याचं चित्त तिथं लागत नाही. ज्याच्या बाहेरच्या कवचात सातच आहेत असा कुणी शेजारी आला, की तो उठून तिकडं जातो. शेजाऱ्याचे आठ होतात आणि दोघांची सोयरीक जमते.

पण हे शेवटचं ऐकायला नानाजी तिथं नव्हतेच, म्हणजे देहानं होते. मनानं ते आपल्या मांडवात अठरा पत्रावळी मांडत होते.

परतताना गाडीत बदरुद्दीनभाईंनी शंका काढली, "नानाजीभाऊ, वो अठरावाला किसीसे सोयरीक करतच नाही बोला ना वो? तो फिर शादी में उसका क्या काम?"

"भांडत नाही बोलला, तेवढं ऐका," नानाजी म्हणाले.

घरी आल्यावर अंगणात तालीम सुरू झाली. मधे मुसळ उभं, ते केंद्रक. भोवती गोवऱ्या, त्या मानकरी. आत दोन, मग आठ, मग आठ. कस्तुराबाई, म्हणजे नानाजींच्या घरधनीण, चुलीला गोवरी न्यायला आल्या तर नानाजी ओरडले, "अवं, ते मारोतराव हाये! ठेव तिथं!"

"मारोतराव चांगला वाळलेला दिसते," त्या म्हणाल्या आणि गोल बघत उभ्या राहिल्या. "अवो, पन इतके चिपकून? वाढनारा माणूस कुठून—"

"मधात कोनी राहूच शकत नाही. शास्त्र हाये ते. नागपूरचा माणूस सांगून गेला."

नागपूर म्हटल्यावर कस्तुराबाईंनी गोवरी परत जागेवर ठेवली. नागपूरला त्या कधी गेल्या नव्हत्या. तिथले लोक कदाचित हवेतून वाढत असतील.

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड सकाळी आलं; लग्न गोरज मुहूर्तावर; मधे दुपारी मानाची पंगत. मांडवाच्या मध्यावर मोठी मेढ, म्हणजे मांडव पेलणारा खांब होता, तिच्याभोवती चुन्यानं तीन गोल आखलेले. आतला गोल एवढासा, की दोन पाट, दोन पत्रावळी, मधे मेढ. दुसऱ्या गोलातल्या पत्रावळी या दोघांच्या पाठीला लागलेल्या. तिसऱ्या गोलातल्या दुसऱ्याच्या पाठीला. मुंगीनं जायचं ठरवलं असतं तर तिलाही कुणाच्या तरी भातावरून जावं लागलं असतं.

मारोतराव आणि जगदेवराव दाराशी आले. दोघांनीही जोडे काढून मागं वळून पाहिलं. आत आले तर ओळच नाही. भांडायला टोक पाहिजे, ते कुठं दिसेना.

"हे काय काढलं, नानाजी? खळं हाये का?" मारोतराव म्हणाले.

"दादा, हे नवं शास्त्र हाये. मधात फक्त दोघं. सगळ्यात जवळचे. तिसऱ्याले तिथं जागाच नाही. आन त्या दोघांत लहान-मोठं नाही, असं खुद्द प्रोफेसर—"

"तिसऱ्याले जागा नाही ना?" जगदेवरावांनी खात्री करून घेतली.

"नाही."

दोघंही आत जाऊन बसले. तिसऱ्याला जागा नाही यात जो आनंद होता, त्यापुढं दुसऱ्याला जागा आहे याचं दुःख त्यांनी गिळलं. मागोमाग आठ बसले, मग आठ बसले. सगळ्यांची तोंडं मेढीकडं. अठरा भरले. एकही आवाज नाही. कोपऱ्यात उभ्या नानाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मानोऱ्याहून पुंजाजीमामा आले. नवरदेवाचे सख्खे मामा. अंतरपाटाच्या वेळी नवरदेवाच्या मागं यांनीच उभं राहायचं. ते नसले तर भटजी मंगलाष्टक सुरू करायचे नाहीत. गाडीचं चाक निखळलं म्हणून उशीर झाला होता. एकोणिसावे. नानाजींनी घाईघाईनं तिन्ही गोलांच्या बाहेर एक पाट टाकला आणि चौथ्या कवचात मामांना एकट्याला बसवलं. मामांनी पुढं पाहिलं. कुणाची तरी पाठ. डावीकडं कुणी नाही, उजवीकडं कुणी नाही.

"मी काय वाळीत हाओ का बे?" मामा म्हणाले, पण नानाजी पुढं गेले होते, कारण वाढपी भाताची परात घेऊन निघाले होते.

बाहेरच्या आठांना वाढप्यांनी खांद्यावरून वाकून भात वाढला. आणि थांबले. आत जायला वाट नव्हती. पुढ्यात पत्रावळ, तिच्यावर अन्न, पलीकडं परत पत्रावळ. कुणाचं पान ओलांडणं म्हणजे त्याच्या अन्नाला पाय लावणं. वाढप्यांनी नानाजींकडं पाहिलं. नानाजींनी चुन्याच्या गोलांकडं पाहिलं. परमाणूतले विद्युत्कण जेवतात की नाही, हे प्रोफेसरांना विचारायचं राहून गेलं होतं, हे त्यांना तेव्हा उमगलं.

पण माणूस कसलेला. त्यांनी खाकरून जाहीर केलं, "आज मानकऱ्याचं पान मानकऱ्याच्याच हातानं वाढलं जाईन. वाढप्याचा हात लागणार नाही. असा मान याच्या आधी कोनाले भेटला नाही!"

मान हा शब्द ऐकला की आसेगावचा माणूस तापलेली परातही हातात घेतो. बाहेरच्यांनी परात आतल्यांना दिली. त्यांनी वाकून मधल्या दोघांच्या पाटाशी सरकवली. भात, भाजी, पुऱ्या, बुंदी, वरणाची बादली, सगळं हातोहात आत गेलं आणि मेढीच्या बुडाशी साठलं. दुसऱ्या गोलातले आठही जण तिथं येऊन अडले. पुढच्याच्या खांद्यावरून ते वाढू शकत होते. पण आधी मारोतरावांना वाढलं तर जगदेवराव धाकटे ठरणार, आधी जगदेवरावांना वाढलं तर मारोतराव. हे पाप कुणालाच नको होतं. त्यांनी बादली मेढीला टेकवली आणि हात मागं घेतले.

मधल्या दोघांची पानं कोरी. आणि ती भरेपर्यंत कुणाला घास घेता येईना.

"जगदेव, वाढ," मारोतराव म्हणाले.

"मी काहून वाढू? मी तुहा वाढपी हाओ?"

"मंग मी वाढू? मी वाढलं त तुह्या पानात आधी पडन. म्हंजे तू मोठा!"

"आन मी वाढलं त तू मोठा. जमत नाही."

मेढीच्या दोन बाजूंनी दोघं एकमेकांकडं पाहत बसले. भात निवू लागला. पुऱ्या चामट झाल्या. माजघराच्या दाराआड रंगू हळदीच्या अंगानं उभी होती. तिला पंगत दिसत नव्हती, पण पंगतीत कुणी जेवत नाही हे ऐकू येत होतं.

शेवटी मारोतराव ठरलेल्या वाक्यावर आले. "उठा रे! चला आसेगावले!" म्हणत ते अर्धे उठले.

मारोतरावांनी मागं पाहिलं. पाठीशी आपल्याच मेहुण्याची पत्रावळ, भातावर तूप. तिच्यामागं आपल्याच व्याह्याची. उजवीकडं तेच, डावीकडं तेच. अन्न लांघल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. आणि आपल्याच माणसांचं अन्न लांघणारा कसला मोठा? उठलेला माणूस परत बसला तर त्याची लाज जाते, म्हणून मारोतरावांनी धोतराचा सोगा झटकला, जणू त्यासाठीच उठले होते, आणि बसले.

"तू उठतं काय?" त्यांनी जगदेवरावांना विचारलं.

"मी तुह्यासारखा उठत नाही," जगदेवराव म्हणाले. त्यांनीही तोवर मागं पाहून घेतलं होतं.

आतल्यांना उठवायला फार जोर लागतो, हे प्रोफेसर बोलले होते. उठतो तो सगळ्यात बाहेरचा, हेही बोलले होते. ते आता नानाजींना आठवलं, कारण निंबाखाली बाजेवर बसलेल्या बदरुद्दीनभाईंनी हाक मारली, "नानाजीभाऊ, तुमचा उन्नीसवा गया!"

चौथ्या कवचातला पाट रिकामा होता. दोघं चुलते अडकवून ठेवले आणि मामाच गेला तर नवरदेवाच्या मागं काय मेढ उभी करणार?

"कुठं गेला?"

"गया नई दूर. वो देखो, गाडीवानांची पंगत. सात जण होते, आता आठ झाले."

खरंच. गोठ्याशी गाडीवानांची साधी पंगत बसली होती आणि मामा मांडी घालून त्यांच्यात तिसऱ्यांदा बुंदी घेत होते. तिथं पहिलं पान कुणाचं होतं हे कुणालाच सांगता आलं नसतं. जो आधी बसला त्याला आधी मिळालं. मामांनी तिथूनच मांडवाकडं हात केला.

"ओ मारोतराव! बुंदी झकास झाली बरं का! तुमच्यापोतर आली का नाही?" आणि त्यांनी अशी ढेकर दिली, की ती तिन्ही कवचांतून आरपार गेली.

अठरा माणसांच्या पोटांनी एकदम उत्तर दिलं. दुसऱ्या गोलातून कुणीतरी पुटपुटलं, "आता मिटवा ना बाप्पा." तिसऱ्या गोलातून जरा मोठ्यानं आलं. मानाच्या माणसांविरुद्ध आसेगावकरांतून आवाज निघण्याची ही पहिलीच वेळ.

तेव्हा कस्तुराबाईंनी माजघरातून दोन पळ्या बाहेर पाठवल्या. एकसारख्या, एकाच लांबीच्या. हातोहात त्या मेढीपाशी पोचल्या, आणि मागोमाग त्यांचा निरोप: "दोघंही एकमेकाले एकाच टायमाले वाढा म्हना. गोरज कोनासाठी थांबत नाही, आन माही पोरगी त उपाशीच हाये सकाळपासून."

दोघांनी पळ्या घेतल्या. एकाच बादलीत बुडवल्या. आणि थांबले.

"एक-दोन-तीन कोन म्हनन?" जगदेवराव म्हणाले.

बाकीच्या सोळा जणांनी कपाळाला हात लावला. वराकडचा म्हणाला तर आक्षेप, वधूकडचा म्हणाला तर आक्षेप. शेवटी निंबाखालून, जो ना या पंगतीत होता ना त्या, त्या बदरुद्दीनभाईंनीच आवाज दिला, "ऐ, बहोत हुआ! एक, दो, हां!"

दोन पळ्या वर आल्या, मेढीला वळसा घालून गेल्या, आणि दोन पानांवर वरण पडलं. डोळे एकमेकांवर, हात समोरच्याच्या पानावर. थोडं धोतरावरही पडलं, पण दोघांच्याही पडलं, म्हणून तक्रार झाली नाही. मग सगळी पंगत अशी जेवायला लागली की बोलायला तोंड कुणाचंच मोकळं नव्हतं.

जेवून झाल्यावर पुन्हा तेच शास्त्र. बाहेरचे उठले, हात धुतले, विडे घेतले. मग त्यांच्या पत्रावळी उचलल्या. मग दुसऱ्या गोलातले उठले. सगळ्यात मानाचे दोघं, वाळलेल्या वरणाचे हात पुढं धरून, आपली पाळी यायची वाट पाहत मेढीशी बसून राहिले. ते हात धुऊन येतात तो वाजंत्री सुरू झाली होती, मामा नवरदेवाच्या मागं उभे होते आणि अंतरपाट धरला गेला होता. आहेरावरून काढायचं भांडण, पानसुपारीवरून काढायचं भांडण, सगळं राहून गेलं. रंगूच्या डोक्यावर अक्षता पडल्या, त्यात दोन मुठी ओल्या हातांच्या होत्या.

त्यानंतर नानाजींना सगळीकडून बोलावणी आली. गोल पंगत पाहिजे म्हणून. नानाजीही आता नुसतं बसवत नसत, आधी थोडं व्याख्यान देत. पण दोन-तीन लग्नांतच बातमी फुटली, की आत बसलेल्याला मान मिळतो आणि बाहेर बसलेल्याला जेवण. मग जो तो नानाजींना बाजूला घेऊन कानात सांगू लागला, "मले सगळ्यात भाईर बसवा, नानाजी. मी लहान माणूस." आतल्या दोन पाटांवर बसायला मोठं माणूस मिळेना. शेवटी नानाजी पुन्हा ओळींकडं वळले.

नागपूरच्या प्रोफेसरांना यातलं काहीच कळलं नाही. कळलं असतं तर त्यांनी पुढच्या व्याख्यानात वाढप्यासाठी जागा ठेवली असती.

आणि आसेगावात रंगूबाईच्या घरी सणावाराला दोघं चुलते जेवायला येतात, तेव्हा ती कुणालाच वाढत नाही. मधे वरणाची बादली ठेवते, तिच्यात माहेराहून आणलेल्या दोन पळ्या ठेवते, आणि चुलीकडं जाऊन बसते. हाक यायची वाट पाहत नाही. भूक लागली की त्यांचं ते बघून घेतात.